एक झेरॉक्स द्या

तुमच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आज कुठे कुठे पडून आहेत, सांगता येईल? सुट्टीत राहिलात त्या लॉजच्या काउंटरखाली. सिम घेतलंत त्या मोबाईलच्या दुकानात. गॅस एजन्सीत, मुलांच्या शाळेत, क्लासच्या ऑफिसात, जिममध्ये. भाड्याने राहिलात त्या प्रत्येक सोसायटीच्या कपाटात. कर्जाची नुसती चौकशी केली होती, त्या एजंटाच्या बॅगेत. यातल्या कुणी ती परत दिलेली नाही. कधी नष्ट करणार, हेही सांगितलेलं नाही. आपणही विचारलं नाही. उलट ‘सेल्फ अटेस्टेड पाहिजे’ म्हटल्यावर त्यावर सही केली. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, बारा आकडी क्रमांक आणि वर सहीचा नमुना, असं सगळं आपण एका अनोळखी माणसाच्या हातात ठेवून आलो.

ऑनलाइन खासगीपणाचा विषय निघाला की आपण पासवर्ड, व्हायरस आणि परदेशात बसलेल्या हॅकरबद्दल बोलतो. ते धोके खरे आहेत. पण आपल्याकडच्या ऑनलाइन फसवणुकीचा कितीतरी कच्चा माल काउंटरवर, दिवसाढवळ्या, आपल्याच हाताने गोळा होतो. म्हणून या आठवड्यात झेरॉक्सबद्दल बोलायचं आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कारण सांगायची जबाबदारी मागणाऱ्याची आहे. आज ती देणाऱ्यावर येऊन पडली आहे. ‘देणार नाही’ म्हणणाऱ्याकडे संशयाने बघितलं जातं आणि ‘द्या’ म्हणणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

आधी हे बघू की या झेरॉक्सने मागणाऱ्याला तरी काय मिळतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने काहीही नाही. झेरॉक्सवरचं नाव, फोटो, आकडे बदलणं फोनमधल्या साध्या ॲपने जमतं. ज्याला खोटी ओळख दाखवायची आहे, त्याची तर झेरॉक्समुळे सोयच होते. ओळख खरोखर तपासायची असेल तर त्यासाठी आधारवर क्यूआर कोड छापलेला आहे. त्यात नाव, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. आतलं एक अक्षर बदललं तरी स्कॅन करताना सही जुळत नाही आणि खोटं तिथेच पकडलं जातं. नव्या क्यूआरमध्ये पूर्ण आधार क्रमांक नसतोच, फक्त शेवटचे चार आकडे असतात. म्हणजे तपासणी पक्की होते आणि तुमचा क्रमांक तुमच्याकडेच राहतो. हा कोड स्कॅन करायचं ॲप फुकट आहे. तरीही लॉजचा मॅनेजर ते वापरत नाही आणि कागद मागतो, कारण त्याला तपासायचं नसतं. त्याला फाइल भरायची असते.

कायदाही त्याच्या बाजूने नाही. आधार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ८-अ सांगतं की जो कुणी अशी ऑफलाइन पडताळणी करतो, त्याने तुमची संमती घ्यायची, ओळख पटवायचे दुसरे पर्याय सांगायचे आणि आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही, साठवायचा नाही. पूर्ण क्रमांक छापलेल्या झेरॉक्सचे गठ्ठे त्याने बाळगायचे नाहीत, असाच याचा अर्थ मी लावतो. लॉजमध्ये उतरणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते, हे बरोबर. पण ती नोंद आधारनेच झाली पाहिजे असं नाही. वाहन परवाना आहे, मतदार ओळखपत्र आहे. काउंटरवर मात्र ‘आधारच लागतं’ असं ठणकावून सांगितलं जातं, आणि मागे सामान घेऊन उभी असलेली घरची माणसं म्हणतात, ‘देऊन टाका ना, कशाला वाद?’

हा वाद प्राधिकरणाने स्वतः घालायला हवा होता, आणि एकदा त्याने सुरुवात केलीही होती. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो; द्यायचीच असेल तर मास्क्ड, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, आधार द्या; परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना आधारची प्रत घेण्याचा अधिकार नाही. इतकं स्पष्ट, इतकं उपयोगी सरकारी पत्रक क्वचित निघतं. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, ते मागे घेण्यात आलं. लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतील, असं कारण दिलं गेलं आणि आधार वापरताना नेहमीसारखी काळजी घ्या, असा सल्ला दिला गेला. मला यात नागरिकांचा अपमान दिसतो. लोकांनी अर्थ अगदी बरोबर काढला होता. ‘आमच्या झेरॉक्स गेल्या दहा वर्षांत कुठे गेल्या?’ हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आता त्या दुकानाबद्दल, जिथे हा कागद जन्माला येतो. पूर्वी मूळ कार्ड घेऊन जायचो, समोर प्रत निघायची, कार्ड परत खिशात. आता झेरॉक्सवाला म्हणतो, ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा.’ तुम्ही आधारचा फोटो पाठवता, त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच असतं, फाइल डाउनलोड होते, प्रिंट निघते, तुम्ही पैसे देऊन निघून जाता. फाइल तिथेच राहते. त्या फोल्डरमध्ये अख्ख्या गल्लीची आधार कार्डं, पॅन कार्डं, सातबारे, मार्कशीट, पगाराच्या स्लिपा असतात. कॉम्प्युटरला बहुधा पासवर्ड नसतो आणि दिवसभर येणारे-जाणारे आपापले पेन ड्राइव्ह त्याला लावतात. तुम्ही आपल्या फोनवरून मेसेज ‘सर्वांसाठी’ डिलीट केलात तरी डाउनलोड झालेली फाइल जात नाही. दुकानदाराला मी दोष देत नाही. पाच-दहा रुपयांच्या कामासाठी तो दिवसभर उभा असतो आणि फाइली पुसायच्या असतात हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तिथून हलायच्या आधी ‘दादा, माझी फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही’ असं म्हणायला अर्धा मिनिट लागतो. मी म्हणतो. आजवर कुणी चिडलं नाही. चित्र नीट बदलायचं असेल तर रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते फोल्डर रिकामं झालं पाहिजे, आणि हा नियम तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानापर्यंत पोचवणं प्रशासनाला अवघड नाही. सेतू केंद्राच्या बाहेर चार ओळींचा एक फलक लावला तरी सुरुवात होईल.

‘पण आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारे बहुतेक ज्येष्ठ असतात आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते. डिजिटल अरेस्टचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करणाऱ्या तोतया पोलिसांचा, फोन कसा सुरू होतो, ते आठवा. पलीकडचा माणूस आधी तुमचं पूर्ण नाव सांगतो, मग पत्ता, मग आधारचे आकडे. त्यानंतर सांगतो की तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, किंवा तुमच्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. खोटं सुरू होण्याआधी खऱ्या माहितीची दोन वाक्यं येतात, आणि त्या दोन वाक्यांनी माणूस हबकतो. ‘इतकं यांना माहीत आहे, म्हणजे पोलीसच असणार.’ निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, डॉक्टर अशी शिकलेली, आयुष्यभर सरळ चाललेली माणसं व्हिडिओ कॉलसमोर तासन्‌तास बसून आयुष्याची पुंजी पाठवून देतात. लपवण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणूनच आपल्या नावाला डाग लागेल या भीतीने ती कोसळली. डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगितलं, तरी असे फोन थांबलेले नाहीत. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे घरच्यांशी सल्लामसलत करण्यात गेलेला एकेक तास महाग पडतो.

दुसरं नुकसान अंगठ्याचं. गावोगावी बँक मित्राकडच्या मशीनवर आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की खात्यातून पैसे काढता येतात. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. ज्यांच्या गावात एटीएम नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ठशाची रबरी नक्कल करता येते. २०२३ मध्ये कोलकात्यात अशा चोऱ्यांच्या तक्रारी एकामागून एक आल्या. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे चोरांच्या हाती लागल्याचा संशय तिथे होता, आणि पोलिसांनी लोकांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार करायला माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, त्यामुळे ठसा देणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. करार करायचा असेल त्या दिवशी थोड्या वेळापुरतं उघडा. तिथेच गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी दिसते, तीही बघा. मास्क्ड आधारही तिथेच उतरवता येतं, आणि लॉजवाल्याला ते पुरलं पाहिजे. साधी झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख. अक्षरं फोटोवरून आणि आकड्यांवरून गेली पाहिजेत, म्हणजे तोच कागद दुसरीकडे चालवणं कठीण होतं.

झेरॉक्सखालोखाल मोबाईल नंबर. कपड्याच्या दुकानात बिल करताना: ‘मॅडम, नंबर?’ ‘कशाला?’ ‘त्याशिवाय सिस्टिम बिल काढत नाही.’ मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं की नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा सिस्टिम घेत नसेल तर सिस्टिम बदला, असं शांतपणे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नका. तिला वरून नंबर गोळा करायचं टार्गेट दिलेलं असतं. मॅनेजरला बोलवा.

आणि आता जिथे आपण स्वतः काउंटरच्या पलीकडे बसलेलो असतो, तिथलं बोलू. पुणे, मुंबई, ठाण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये गेटवरची ॲप आली आहेत. घरकामाला येणाऱ्या मावशींचा त्यात फोटो असतो, फोन नंबर असतो, कोणत्या कोणत्या घरी काम करतात ते असतं, आल्या-गेल्याची वेळ असते, आणि त्यांना दिलेले स्टारही असतात. हे सगळं शेकडो घरांना दिसतं. मावशींना कुणी विचारलं? त्यांचं आधार कार्ड सिक्युरिटीच्या केबिनमध्ये फोटो काढून घेतलं जातं, तो फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि कमिटी बदलली तरी ग्रुपवर राहतो. ‘देणार नाही’ म्हटलं तर त्यांचं काम जातं. आपण निदान मॅनेजरला बोलावू शकतो, त्या कुणाला बोलावणार? माझा नंबर टेलिमार्केटिंगवाल्याला कसा मिळाला म्हणून सभेत तावातावाने बोलणारे सभासद याच ॲपवर मावशी आज किती वाजता आल्या ते बघत असतात. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर थेट भरता येते, तिच्या प्रती सोसायटीच्या सचिवाने वर्षानुवर्षं जपायची गरज नसते. गेटवर ओळख पटवायला नाव आणि फोटो पुरतो. पत्ता, जन्मतारीख आणि बारा आकडे कशाला हवेत, याचं उत्तर मला आजवर एकाही कमिटीने दिलेलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी उतारवयात लढलेल्या खटल्यातून तो आला. त्या निकालात हा हक्क फ्लॅटमालकांपुरता ठेवलेला नाही. आणि हेही विसरू नका की देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी एका आदिवासी बाईला दिलं गेलं. ज्यांच्या नावाने ही योजना उभी राहिली, त्यांनाच तिच्याबाबत ‘नाही’ म्हणायला सर्वांत कमी जागा आहे.

कायदा आला आहे ना आता, असं कुणी म्हणेल. आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने दिले आहेत. तोवर थांबायचं. पण याच कायद्यातून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये केलेला बदल ताबडतोब लागू झाला. पूर्वी एखादी माहिती वैयक्तिक असली तरी व्यापक जनहितासाठी ती देण्याची सोय त्याच पोटकलमात होती. आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण उरलं आहे. सरकार म्हणतं, जनहिताची तरतूद कायद्यात दुसरीकडे शाबूत आहे. असेलही, पण नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचं काम सोपं झालं आणि अपिलात खेटे घालायचे ते नागरिकाने. ज्या राज्याने केंद्राच्याही आधी, २००२ सालीच, माहिती अधिकाराचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात यावर याहून मोठा आवाज उठायला हवा होता. नागरिकाच्या संरक्षणाला अठरा महिने आणि अधिकाऱ्याच्या संरक्षणाला एक दिवसही नाही, हा क्रम मला मान्य नाही.

दंडाचं बघा. माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण ते पैसे सरकारी तिजोरीत जाणार, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा माणसाला भरपाई मागायची जी तरतूद होती, कलम ४३-अ, तीही या नव्या कायद्याने काढून टाकायचं ठरवलं आहे. शिवाय हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू होतो. तुमची झेरॉक्स कुणी स्कॅन केली तर ती त्यात येते. फाइलमध्ये कागद म्हणूनच पडून राहिली तर येत नाही.

एक गोष्ट मात्र या कायद्यात खरोखर कामाची आहे आणि मराठी माणसाने ती पहिल्या दिवसापासून वापरावी. संमती मागताना दिली जाणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळवायचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागणार आहे. म्हणजे बँक, विमा कंपनी, कर्जाचं ॲप, दवाखान्याचं ॲप, प्रत्येकाला ‘आम्ही तुमची कोणती माहिती घेतो आणि कशासाठी’ हे मराठीत सांगावं लागेल. आज आई-वडील वीस पानी इंग्रजी मजकुराखालचं बटण दाबतात आणि आपण त्याला संमती म्हणतो. ती संमती नाही. आणि कामासाठी जेवढी माहिती गरजेची तेवढ्यापुरतीच संमती ग्राह्य धरली जाईल, असंही कायदा म्हणतो. डॉक्टरांशी बोलायच्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले आणि तुम्ही ‘हो’ दाबलं, तरी नंबरांपुरता तो होकार ठरत नाही; हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे.

आधी विचारायचं, मगच घ्यायचं, हा नियम सरकारलाही लावायचा असतो. संचार साथी ही दूरसंचार विभागाची चांगली सोय आहे. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे दिसतं, आणि तुमचं नसलेलं सिम कळवता येतं. प्रत्येकाने एकदा बघावंच. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ते ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवून द्यायचा आदेश कंपन्यांना दिला. विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ती मागे घेतली हे बरं झालं. लोकांना समजावून सांगितलं तर लोक चांगली गोष्ट वापरतात, त्यासाठी न विचारता त्यांच्या खिशात हात घालावा लागत नाही.

प्राधिकरणाने मे २०२२ चं ते पत्रक पुन्हा काढावं, अशी माझी मागणी आहे. झेरॉक्स देऊ नका, मागू नका, साठवू नका, क्यूआर स्कॅन करा, एवढंच त्यात असावं. ते मराठीत असावं, प्रत्येक लॉजच्या, शाळेच्या, गॅस एजन्सीच्या आणि सोसायटीच्या केबिनच्या दारावर लागावं, आणि तक्रार कुठे करायची तो नंबर खाली मोठ्या अक्षरांत छापावा. या वेळी ते दोन दिवसांत मागे घेऊ नये.